मेश्राम सरांची किनाऱ्यावरची हजेरी

काउआईला आल्यावर आमच्या घराबाहेर मी ऐकलेला पहिला मराठी हुकूम होता, “पन्नास पावलं मागे व्हा.”

काउआई हे हवाईमधलं एक बेट. माझे मिस्टर साखरेचे केमिस्ट. सांगलीकडचा कारखाना सोडून ते तिथल्या साखर कारखान्यात लागले आणि त्यांच्या मागोमाग मी गेले. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बेटावर मराठी घर आमचं एकटंच, अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच रविवारी आम्ही समुद्रावर फिरायला गेलो, तर वाळूत करड्या रंगाचं एक भलंमोठं पोतं पडलेलं दिसलं. जवळ जाऊन बघते तो पोत्याला मिशा. मी म्हटलं, “अहो, मेलंय बहुतेक बिचारं.” हे वाकून बघायला लागले, तेवढ्यात मागून आवाज आला. आधी इंग्रजीत, आणि मग आमचं बोलणं कानावर पडलं असावं म्हणून, स्वच्छ मराठीत.

“मेलं नाही, झोपून राहिलं ते. पन्नास पावलं मागे व्हा. आणि मोजून. अंदाजे नको.”

नाव-गाव विचारायच्या आधी आम्ही निमूटपणे पावलं मोजली. माझी पंचेचाळीसच झाली होती. “वहिनी, अजून पाच,” ते म्हणाले.

मग पन्नास पावलांवर उभं राहून आमची रीतसर ओळख झाली. ते आनंद मेश्राम, मूळचे नागपूरचे. बेटावरच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. आजूबाजूचं सगळं जग चड्डी आणि रबरी सपाता घालून हिंडत असताना हा माणूस इस्त्रीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोजे आणि काळे बूट घालून वाळूत उभा. एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हातात शाळेचं हजेरीपुस्तक. किनाऱ्यावर कोण आलंय, किती वाजता आलंय, कुठल्या कुशीवर झोपलंय, ते सगळं त्यात लिहिलेलं. शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या दिवशीचा शेरा मी वाचला: “दिवसभर झोप. वर्तणूक चांगली.”

तो प्राणी म्हणजे हवाईयन मंक सील. त्या समुद्राशिवाय जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही, आणि तिथेही फार थोडे उरलेले. मासे खाऊन दमला की किनाऱ्यावर येतो आणि दिवसच्या दिवस झोपतो. कुणी डिवचलं की पाण्यात पळतो, आणि पुन्हा त्या किनाऱ्याला येईलच असं नाही. एवढी माहिती मला तिथेच उन्हात उभं राहून मिळाली. घरी जाईपर्यंत माझी मान भाजून निघाली होती. त्यांची नव्हती, त्यांच्याकडे छत्री होती.

सरांना हा नाद कसा लागला ते प्रमिलाताईंनी सांगितलं. प्रमिलाताई त्यांच्या पत्नी. बेटावरच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, आणि त्यांच्या नोकरीमुळेच सर इथे आले होते. “यांना समुद्र आवडत नाही हो,” त्या म्हणाल्या. “पोहता येत नाही. घोट्यापर्यंत पाणी आलं की हे देवाला नाही, पण मला हाक मारतात. एकदा सहामाहीचे पेपर तपासायला शांत जागा म्हणून किनाऱ्यावर जाऊन बसले. तर एक सील वर आला आणि यांच्या चटईशेजारी आडवा झाला. हे घाबरले. हललो तर चावेल, म्हणून बसूनच राहिले. चार तास. सगळ्या वर्गाचे पेपर तपासून झाले.”

“घाबरलो नव्हतो,” सर आतल्या खोलीतून म्हणाले. “त्याची झोप मोडू नये म्हणून बसलो होतो.”

“त्या दिवशी सगळी मुलं पास झाली,” प्रमिलाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी लायब्ररी पालथी घातली आणि होनोलुलूच्या सरकारी ऑफिसला पत्र लिहिलं. तिकडून टाइप केलेलं चार ओळींचं उत्तर आलं: आभारी आहोत, आपल्या भागात असे प्राणी दिसल्यास कृपया नोंद ठेवावी. साहेबाने सौजन्य म्हणून लिहिलेल्या त्या ओळीला सरांनी नेमणुकीचा हुकूम समजून फाइल केलं. त्या दिवसापासून रोज शाळेआधी आणि शाळेनंतर त्यांची हजेरी सुरू झाली.

सरांच्या वर्गात सीलना नावं नव्हती, रोल नंबर होते. डाव्या खांद्यावर शार्कने चावल्याची खूण असलेली ती एक नंबर. एक डोळा पांढुरका झालेला म्हातारा नर तो दोन नंबर. मी एकदा म्हटलं, “सर, एवढे ओळखीचे झालेत तर एखादं नाव ठेवा की.” ते गंभीर झाले. “वहिनी, नाव ठेवलं की लाड सुरू होतात. लाड सुरू झाले की लोक जवळ जातात. जवळ गेले की संपलं.” मग म्हणाले, “मी वर्गातसुद्धा कुणाचा लाड करत नाही.”

माणसांशी वागताना मात्र त्यांचं हे गणित नेहमी सुटायचं असं नाही. एका शनिवारी शिकागोकडच्या तीन प्रवासी बायकांनी दोन नंबरला उन्हात पडलेला पाहिला. तो मरायला टेकलाय असं समजून त्या हॉटेलचे टॉवेल भिजवून त्याच्या अंगावर घालायला निघाल्या. सर छत्री आडवी धरून मध्ये उभे राहिले. बायका चिडल्या. त्यातली थोरली म्हणाली, “तुम्हाला दयामाया नाही का?” सरांनी तिला विचारलं, “मॅडम, आपण रविवारी दुपारी जेवण झाल्यावर झोपता का?” ती म्हणाली, झोपते. “मग अनोळखी माणसांनी घरात येऊन आपल्यावर ओला टॉवेल टाकला तर?” बाईने सरळ हॉटेलात जाऊन तक्रार केली, की एक छत्रीवाला माणूस तिच्या झोपेची चौकशी करतो. हॉटेलच्या मॅनेजरने प्रमिलाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मला पण छळतो. काय करू सांगा.”

सीलवर पहारा ठेवायला सरांनी स्वयंसेवकांचं एक मंडळ उभं केलं होतं. त्यात आम्ही कसे ओढले गेलो, तीही सरांचीच करामत. वैशाख पौर्णिमेला त्यांनी आम्हाला खिरीला बोलावलं. घरात बुद्धाची तसबीर, पुढे पांढरी फुलं. जपानी बुद्ध मंदिरातल्या फुमी नावाच्या सत्तरीच्या बाई आल्या होत्या, पोस्टमन आला होता. वंदना झाली, खीर वाटली, आणि वाटीखाली प्रत्येकाला एक कागद मिळाला. तो खिरीच्या पाककृतीचा असेल असं मला वाटलं. ते ड्युटीचं वेळापत्रक होतं. मला मंगळवार आणि गुरुवार सकाळ. खीर खाऊन झाल्यावर नाही म्हणणं अवघड असतं, हे त्यांनी आधीच हेरलेलं. माझे मिस्टर कारखान्याचं कारण सांगून सुटले. तरी त्यांच्या गाडीत खुंट्या, दोरी आणि ‘कृपया मागे राहा’ अशा पाट्या कायमच्या ठेवल्या गेल्या.

मी ड्युटीवर विणकाम न्यायची. पहिल्याच दिवशी सर तपासणीला आले. लोकरीकडे बघून म्हणाले, “लाल आहे.”

“सील बघत नाहीये सर, झोपलाय.”

“उठल्यावर बघेल.” दुसऱ्या गुरुवारी मी राखाडी लोकर नेली. स्वेटर झाल्यावर मिस्टर म्हणाले, हा मला नको, सीलला दे.

अशी थट्टा चालू होती. मग पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर एक नंबर आमच्या किनाऱ्यावर व्याली. काळंभोर, सुरकुतलेलं पिल्लू. त्याच्या अंगाची कातडी दोन मापं मोठी शिवल्यासारखी लोंबत होती. असा जन्म आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. सरांनी मला फोन केला आणि नुसतं म्हणाले, “पट एकने वाढला.”

आई पिल्लाला दीड महिना पाजते आणि स्वतः काही खात नाही. पिल्लू पिंपासारखं फुगतं आणि आई सुकत जाते. मग एके दिवशी ती निघून जाते आणि पिल्लाने पुढचं सगळं आपलं आपण शिकायचं. आम्ही दोरी बांधली, पाळ्या लावल्या. माणसं ऐकत होती. कुत्री बांधून ठेवली गेली. प्रश्न राहिला तो केलिओच्या जाळ्याचा.

केलिओ हा तिथला मूळचा हवाईयन कोळी. त्याच्या आजोबांपासून त्यांचं जाळं त्याच खाडीत पडायचं. संध्याकाळी लावायचं, सकाळी उशिरा काढायचं. पिल्लू पोहायला लागलं आणि जाळ्यात अडकलं, तर त्याला श्वास घ्यायला वर येता येणार नाही. सर केलिओच्या घरी गेले. सोबत स्वतः काढलेला भरतीचा तक्ता, खाडीचा नकाशा आणि होनोलुलूच्या पत्राची नक्कल. तासाभराने परत आले ते लालबुंद होऊन.

“काय म्हणाला?” प्रमिलाताईंनी विचारलं.

“म्हणाला, माझे मासे खाणाऱ्याची शिफारस घेऊन माझ्याच दारात आलास. आणि दार लावलं.”

“तुम्ही काय केलंत?”

“तक्ता समजावला.”

“दारातच?”

“दोनदा.”

प्रमिलाताई भाजी चिरत होत्या. सुरी खाली ठेवून म्हणाल्या, “अहो, तुम्ही त्याला शिकवायला गेलात. त्याला काही विचारलं का? त्याचा आजा या पाण्यात होता. तुमचा आजा वर्ध्याला होता.”

त्या रात्री सर फारसे जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी ते कागद न घेता गेले. केलिओ अंगणात होता. सरांनी त्याला एवढंच विचारलं, “जाळं तुम्ही किती वेळ नजरेआड ठेवता?” केलिओ म्हणाला, रात्रभर. मग सर म्हणाले, “पिल्लू रात्री आईजवळ असतं. उजाडल्यावर पाण्यात उतरतं. उजाडल्यापासून तुम्ही जाळं काढेपर्यंत मी तिथे बसून राहिलो तर चालेल? तुमच्या होडीत. मी बोलणार नाही.”

केलिओने त्यांच्या बुटांकडे बघितलं. दोन दिवसांत हा माणूस पळून जाईल, असं त्याला वाटलं असणार. तो म्हणाला, ये.

मंगळवारी मी ड्युटीवर होते. तांबडं फुटता फुटता केलिओची होडी निघाली. त्यात सर. अंगात एकावर एक दोन लाइफ जॅकेटं, त्यावर उघडलेली छत्री, पायात बूट. दोन्ही हातांनी होडीची कड धरलेली, मग छत्री कशाने धरली होती ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा मानेत. पाच मिनिटांत ते कडेवरून वाकले आणि सकाळचा चहा समुद्राला दिला. केलिओ एवढा हसला की किनाऱ्यावर ऐकू आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी केलिओने त्यांना चघळायला आल्याचा तुकडा दिला. आठव्या दिवशी, सरांनी सांगितलं, केलिओ हसायचा बंद झाला आणि त्याने आजोबांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. सरांना कबूल केल्याप्रमाणे एक शब्दही बोलायचा नव्हता. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात कठीण महिना असावा.

आणि मग एक नंबर गेली. बुधवारी दुपारी ती पाण्यात उतरली आणि परत आली नाही. पिल्लू संध्याकाळपर्यंत काठावर ओरडत होतं. फुमीबाई दोरीपलीकडे उभ्या राहून त्याच्याकडे बघत हात जोडून होत्या. गुरुवारी माझी पाळी. उजाडलं तेव्हा पिल्लू वाळूवर नव्हतं.

मी दुर्बीण लावली. होडी खाडीच्या तोंडाशी होती. जाळ्याचे तरंगते भोपळे ओळीने शांत होते, आणि एकाएकी त्यातले तीन पाण्याखाली गेले. होडीत सर उभे राहिले. महिनाभरात ते होडीत एकदाही उभे राहिले नव्हते. केलिओने वल्ही मारली. मला पुढचं तुकड्यातुकड्यांनी दिसलं. सर कमरेपासून बाहेर वाकलेले, दोन्ही हात पाण्यात. काळी छत्री उलटी होऊन लाटांवर चाललेली. केलिओ सुरी काढून थांबलेला.

तो थांबला ते का, हे मला नंतर कळलं. ते जाळं त्याच्या वडिलांनी हाताने विणलेलं होतं. वडील गेल्याला वर्ष झालं होतं. सर त्याच्याकडे न बघता म्हणाले, “मी याचं नाक वर धरून ठेवतो. तुम्ही गाठी सोडवा, कापू नका.” पण पिल्लू धडपडत होतं, भारी होतं, आणि सरांचे हात घसरत होते. केलिओने आणखी एकदा गाठ सोडवून पाहिली. मग त्याने जाळं कापलं. वरपासून खालपर्यंत.

होडी काठाला लागली तेव्हा सर खाली उतरले आणि बुटांसकट पाण्यातच बसले. त्यांच्या तळव्यांवर दोरीचे वळ उठले होते.

“गेलं?” मी विचारलं.

“गेलं. पोहत गेलं.” मग म्हणाले, “वहिनी, त्याचा श्वास माझ्या तोंडावर आला. माशांचा वास नव्हता त्याला. अजून दुधाचाच होता.”

केलिओ शेजारी उभा होता. कापलेलं जाळं त्याच्या खांद्यावर होतं.

त्या दिवशीची नोंद मी वाचली आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: “प्राण्यास स्पर्श केला. स्पर्श करणारा: मी. कारण सोबत जोडलं आहे.” सोबत तीन पानं होती. ती तीन पानं त्यांनी होनोलुलूला पाठवली आणि आपल्यावर काय कारवाई होते याची वाट बघत बसले. दोन ओळींचं उत्तर आलं, आपण योग्य तेच केलंत, धन्यवाद. सर नाराज झाले. “नियम मोडला तर निदान विचारायला हवं ना,” असं ते आठवडाभर म्हणत होते.

मग त्यांनी स्वतःच स्वतःला शिक्षा दिली. रोज दुपारी केलिओच्या अंगणात जाऊन जाळं दुरुस्त करायचं. त्यांनी प्रत्येक भोक पट्टीने मोजलं. गाठी मात्र अशा पडायच्या की पहिल्याच माशाने ओढल्या तर सुटाव्यात. सर घरी गेले की केलिओ त्यांच्या सगळ्या गाठी सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. हे प्रमिलाताईंना माहीत होतं, फुमीबाईंना माहीत होतं, पोस्टमनला माहीत होतं. महिन्याभराने जाळं पुरं झालं तेव्हा सरांनी ते उन्हात धरून पाहिलं. “पहिल्यापेक्षा सरस झालं,” ते म्हणाले. केलिओने मान डोलावली. पिल्लू मोठं होईपर्यंत त्याने ते पलीकडच्या खाडीत लावलं. कुणी न सांगता.

पण जाळ्याचा बदलाही केलिओने घेतला. बेटावर सगळे थोरांना अंकल-आंटी म्हणतात, आपल्या काका-काकूंसारखंच. मेश्राम हे आडनाव त्यांच्या जिभेला जड, म्हणून सरांचं झालं होतं ‘अंकल मेश’. आणि जाळ्याच्या भोकाला इंग्रजीत मेश म्हणतात. केलिओने जाळ्यातून सुटलेल्या पिल्लाचं नाव मेश ठेवून टाकलं. सर त्याच्या घरी जाऊन भांडून आले. रोल नंबर चार, असं त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. काही उपयोग झाला नाही. बाजारात लोक एकमेकांना सांगायचे, मेश आज दिवसभर लोळत होता. मेशचं वजन फार वाढलंय. एकदा हॉस्पिटलात कुणीतरी प्रमिलाताईंना म्हणालं की मेश दुसरीच्याच शेजारी झोपलेला दिसला. “मला काही नवल वाटलं नाही,” त्या म्हणाल्या.

दोन वर्षांनी माझ्या मिस्टरांना कॅलिफोर्नियात नोकरी लागली आणि आम्ही बेट सोडलं. निघायच्या दिवशी सर सकाळच्या फेरीवर होते. विमानतळाच्या वाटेवरच किनारा, तिथे थांबा, असा निरोप होता. आम्ही पोचलो तर प्रमिलाताई रस्त्याच्या कडेला डबा घेऊन उभ्या. सर किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला. आणि मधोमध, भरतीमुळे चार हात उरलेल्या वाळूच्या पट्टीवर, एक अनोळखी, मोठी मादी आडवी पडलेली. आदल्या दिवसापर्यंत ती कुणी पाहिली नव्हती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खडक. तिला ओलांडून इकडे यायला वाट नव्हती.

आम्ही वीस मिनिटं थांबलो. यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. “जा तुम्ही,” प्रमिलाताई म्हणाल्या. “ती काही उठत नाही, आणि ती उठल्याशिवाय हे येत नाहीत.” त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि मला जवळ घेतलं.

मी शक्य तेवढी पुढे गेले. पावलं मोजून. इतकी वर्षं त्या माणसाने मला उन्हात उभं केलं, माझी लोकर बदलायला लावली, आणि आता दोन शब्द बोलायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतही पाणी येत होतं. मी तोंडाशी हात धरून हाक मारली, “सर, येतो आम्ही.”

पलीकडून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मादीने डोकं जरासं उचललं, इकडे पाहिलं आणि पुन्हा वाळूत टेकलं. सर हलले नाहीत. ती पुन्हा गाढ झोपल्याची खात्री झाल्यावर त्यांनी हजेरीपुस्तक बगलेत धरलं आणि आमच्या दिशेने दोन्ही हात जोडले. गाडी वळेपर्यंत ते तसेच उभे होते.